जुलमी सत्तेपुढे चर्च : बार्मेनचा धडा कोणासाठी?

राज्यकर्ता जुलमी निघाला तर धार्मिक माणसाने काय करायचे? आपल्याकडे हा प्रश्न निघाला की बोलणे करबलाच्या मैदानाकडे वळते, इमाम अबू हनीफांच्या तुरुंगवासाकडे वळते, इमाम अहमद बिन हंबल यांनी सोसलेल्या फटक्यांकडे वळते. ते साहजिक आहे. पण हाच प्रश्न शेजारच्या घरातही दोन हजार वर्षे चर्चेत आहे. ख्रिस्ती धर्मपंडितांनी त्यावर ढीगभर ग्रंथ लिहिले, आपसात वाद घातले. विसाव्या शतकात जर्मनीमध्ये याच प्रश्नावर त्यांची मोठी परीक्षा झाली.

या लेखात ती परीक्षा समजून घ्यायची आहे. ख्रिस्ती बांधवांना कमी लेखण्याचा यात काडीचाही हेतू नाही. कोणत्याही धर्मसमाजाच्या हातून जी चूक सहज होऊ शकते ती जर्मन चर्चच्या हातून झाली. विशेष म्हणजे ती भित्र्यांप्रमाणेच धैर्यवान लोकांच्या हातूनही झाली. म्हणून ती आपण नीट पाहिली पाहिजे.

दोन तेरावे अध्याय

ख्रिस्ती परंपरेत राज्यसत्तेबद्दलची सगळी चर्चा बायबलच्या नव्या करारातील एका उताऱ्याभोवती फिरते. संत पौलाने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पत्राचा तो तेरावा अध्याय. पौल तिथे सांगतो की सत्ता देवाच्या नेमणुकीने चालते, म्हणून प्रत्येकाने तिच्या अधीन राहावे, कर भरावा, मान द्यावा. जो सत्तेला विरोध करतो तो देवाच्या व्यवस्थेला विरोध करतो. हे पत्र साधारण इ.स. ५७ च्या सुमारास लिहिले गेले. त्या वेळी रोमच्या गादीवर नीरो होता. त्याच्या राज्याची सुरुवातीची वर्षे शांततेची मानली जातात. पुढे ६४ साली रोमला आग लागली, नीरोने तिचे खापर ख्रिस्ती लोकांवर फोडले आणि त्यांचा छळ मांडला. त्याच्याच राज्यात पौलाला मृत्युदंड झाला, असे ख्रिस्ती परंपरा मानते.

गंमत अशी की त्याच नव्या करारात आणखी एक तेरावा अध्याय आहे. तो प्रकटीकरणाच्या पुस्तकात येतो. तिथे सत्तेचे चित्र समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाचे आहे. ते देवाची निंदा करते, भाविकांशी युद्ध करते, लोकांकडून स्वतःची पूजा करून घेते. पुढे तर त्याची खूण अंगावर असल्याशिवाय कोणाला खरेदी-विक्रीही करता येत नाही. वाचणाऱ्याला हे वर्णन रोमच्या साम्राज्याचे आहे हे कळत होते.

म्हणजे एकाच ग्रंथात सत्ता देवाची सेवकही आहे आणि श्वापदही आहे. जुलमी राजांना अर्थातच पहिला अध्याय आवडला. शतकानुशतके त्यांच्या दरबारातल्या पाद्र्यांनी पौलाचे पत्र वाचून दाखवले आणि प्रकटीकरणाचे पुस्तक मिटून ठेवले. पौल पुढे त्याच ठिकाणी म्हणतो की राज्यकर्ता चांगल्याच्या भल्यासाठी आणि वाईटाला धाक बसावा म्हणून असतो. राज्यकर्ता नेमके उलटे करू लागला तर काय, हा प्रश्न त्या वाक्यातच दडलेला आहे. तिथपर्यंत फार थोडे पोहोचले.

कैसराच्या नाण्याची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. कर द्यावा की नाही, असे विचारून हजरत ईसा (अ.) यांना पेचात पकडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा त्यांनी नाणे मागवले आणि त्यावर कोणाचे चित्र आहे ते विचारले. कैसराचे कैसराला द्या, हा उत्तराचा अर्धा भाग सगळ्यांना पाठ आहे. देवाचे देवाला द्या, या उरलेल्या अर्ध्यावर तर्तुलियनसारख्या जुन्या ख्रिस्ती लेखकांनी बोट ठेवले. नाण्यावर कैसराचे चित्र आहे म्हणून नाणे कैसराचे. माणूस मात्र, बायबलच्या म्हणण्याप्रमाणे, देवाच्या प्रतिमेत घडवलेला आहे, म्हणून माणूस देवाचा. कैसराने कर घ्यावा, माणूस घेऊ नये. छळ सोसणाऱ्या चर्चने काढलेला हा अर्थ पुढे राजाश्रय मिळालेल्या चर्चला अवघड वाटू लागला.

राजाश्रय आणि त्याची किंमत

३१३ साली ख्रिस्ती धर्माला रोममध्ये मोकळीक मिळाली आणि त्याच शतकाच्या अखेरीस तो साम्राज्याचा धर्म झाला. सत्तेच्या जवळ गेलेल्या चर्चने दोन्ही प्रकारची माणसे दिली. ३९० साली सम्राट थिओडोसियसच्या हुकमाने थेस्सलोनिका शहरात हजारो लोकांची कत्तल झाली. मिलानचा बिशप अँब्रोज याने सम्राटाला कळवले की पश्चात्ताप केल्याशिवाय पवित्र विधीत सहभाग मिळणार नाही. सम्राटाला उघडपणे प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यानंतरच्या काळात संत ऑगस्टिनने आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथात विचारले की न्याय काढून घेतला तर राज्य आणि दरोडेखोरांची मोठी टोळी यांत फरक तो काय उरतो?

पुढे सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने दोन राज्यांचा विचार मांडला. देव आत्म्यावर शुभवर्तमानाने राज्य करतो आणि बाहेरच्या जगावर राज्यकर्त्याच्या तलवारीने. १५२३ च्या पुस्तकात त्याने हेही स्पष्ट केले की राजाची हद्द माणसाच्या श्रद्धेपाशी संपते. पण १५२५ साली शेतकऱ्यांनी बंड केले तेव्हा हाच लूथर राजांच्या बाजूने अत्यंत कठोर शब्दांत उभा राहिला. त्याच्या अनुयायांपैकी माग्देबुर्ग शहरातील पाद्र्यांनी १५५० मध्ये मात्र वेगळी वाट धरली. वरचा राजा जुलमी झाला तर खालच्या अधिकाऱ्यांनी प्रजेच्या रक्षणासाठी त्याला अडवणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असे त्यांनी लिहून ठेवले. जिनिव्हाच्या कॅल्व्हिननेही सामान्य माणसाला बंडाची परवानगी दिली नाही, पण राजाला आवर घालण्यासाठी नेमलेल्या लोकप्रतिनिधींनी डोळेझाक केली तर तो विश्वासघात ठरेल असे म्हटले.

जर्मनीत मात्र लूथरचा विचार पुढच्या पिढ्यांनी सोयीने वापरला. आत्मा चर्चचा, बाकी सगळे सरकारचे, अशी वाटणी झाली. पाद्री सरकारी पगारावर आले. चारशे वर्षांत ही सवय हाडात मुरली.

१९३३

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चान्सलर झाला. त्या वेळी जर्मनीतील सुमारे दोन तृतीयांश लोक प्रोटेस्टंट होते आणि बहुतेक बाकीचे कॅथलिक. ज्यू एक टक्क्याहूनही कमी होते. हा देश धर्म सोडलेल्यांचा नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे.

प्रोटेस्टंटांमध्ये ‘जर्मन ख्रिश्चन’ नावाचा गट तयार झाला होता. त्याला चर्च आणि नाझी चळवळ यांची गाठ घालायची होती. जुलै १९३३ च्या चर्च निवडणुकीत सरकारी पाठिंब्याच्या जोरावर हा गट प्रचंड बहुमताने निवडून आला. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या चर्चसभेने सरकारी नोकऱ्यांतला वंशाचा नियम चर्चलाही लावला : ज्याच्या वंशात ज्यू आहेत त्याला पाद्री राहता येणार नाही. त्याच महिन्यात लुडविग म्युलर हा हिटलरचा माणूस राष्ट्रीय बिशप झाला. नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या क्रीडागृहात सुमारे वीस हजारांच्या सभेत या गटाच्या एका पुढाऱ्याने जुना करारच चर्चमधून हद्दपार करण्याची मागणी केली, कारण तो ज्यूंचा.

तेव्हा विरोध सुरू झाला. पाद्री मार्टिन नीम्योलर यांनी संकटकाळी एकमेकांना साथ देण्यासाठी पाद्र्यांचा संघ काढला आणि काही महिन्यांत सहा हजारांहून अधिक पाद्री त्यात आले. हे नीम्योलर पहिल्या महायुद्धात पाणबुडीचे कप्तान होते आणि सुरुवातीला त्यांनाही हिटलरकडून आशा होत्या. त्यांच्या संघाने वंशाचा नियम धुडकावला. पण कोणासाठी? ज्यांनी बाप्तिस्मा घेतला होता आणि जे पाद्री झाले होते त्यांच्यासाठी. चर्चबाहेरच्या ज्यूंना नोकऱ्यांतून हाकलले जात होते, दुकानांवर बहिष्कार पडत होता. तो विषय सरकारचा मानला गेला.

बार्मेनमध्ये काय म्हटले गेले आणि काय राहिले

२९ ते ३१ मे १९३४ या तीन दिवसांत बार्मेन शहरात विरोधी गटाच्या प्रतिनिधींची सभा भरली. तिथे एक जाहीरनामा संमत झाला. त्याचा मुख्य लेखक स्विस धर्मपंडित कार्ल बार्ट. त्यात सहा कलमे आहेत. चर्चने ऐकायचा देवाचा शब्द एकच, तो येशू ख्रिस्त. त्याच्या जोडीला कोणतीही घटना, सत्ता, व्यक्ती किंवा विचार देवाचा संदेश म्हणून चर्च स्वीकारणार नाही, हा पहिल्या कलमाचा आशय. ‘देवाने आम्हाला या नेत्याच्या रूपाने दर्शन दिले’ असे सांगणाऱ्या पाद्र्यांना हे सरळ उत्तर होते.

पाचवे कलम राज्याबद्दल आहे. न्याय आणि शांतता राखण्याचे काम देवाने राज्यावर सोपवले आहे हे त्यात मान्य केले. मात्र राज्याने माणसाच्या संपूर्ण जीवनाची एकमेव व्यवस्था होण्याचा दावा करणे नाकारले, आणि चर्चने सरकारी खाते बनणेही नाकारले. पौलाच्या तेराव्या अध्यायाला इतके नेमके उत्तर फार थोड्यांनी दिले असेल. आज्ञापालन मान्य, पण सत्तेला दिलेल्या कामाच्या हद्दीत.

मुसलमान वाचकाला हे कलम ओळखीचे वाटेल. सूरह निसामध्ये अल्लाह आणि प्रेषितांच्या आज्ञापालनाबरोबर अधिकाऱ्यांच्या आज्ञापालनाचाही उल्लेख येतो. पण भाष्यकारांनी दाखवून दिले आहे की ‘आज्ञा पाळा’ हे क्रियापद अल्लाहसाठी आणि प्रेषितांसाठी (स.) स्वतंत्रपणे येते, अधिकाऱ्यांसाठी ते पुन्हा येत नाही. त्यांचे आज्ञापालन पहिल्या दोहोंच्या आधीन आहे. निर्मात्याची अवज्ञा करायला लावणाऱ्या कोणाचीही आज्ञा पाळायची नाही, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. आणि आपल्या इतिहासातही दरबारी मौलवींनी त्या आयतीचा शेवटचा तुकडाच राजांना वाचून दाखवला, हेही तितकेच खरे आहे. अराजकापेक्षा जुलमी सुलतान बरा, ही शिकवण आपल्याकडे शतकानुशतके चालली.

बार्मेनच्या जाहीरनाम्याला लगेच विरोध झाला. वेर्नर एलर्ट आणि पॉल आल्टहाउस या नामवंत लूथरवादी विद्वानांनी जून १९३४ मध्येच उत्तर दिले. कुटुंब, लोक, वंश हीसुद्धा देवाची व्यवस्था आहे आणि असा नेता दिल्याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत, असा त्यांचा सूर होता. बार्ट यांनी हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला. त्यांची बॉनमधली प्राध्यापकी गेली आणि ते स्वित्झर्लंडला परतले.

आता मूळ मुद्दा. बार्मेनच्या सहाही कलमांत ज्यूंबद्दल एक शब्द नाही. सरकारने चर्चमध्ये ढवळाढवळ केली म्हणून हे लोक उठले. सरकार शेजाऱ्याच्या घरात काय करत होते ते त्या कागदात आले नाही. स्वतः बार्ट यांनी तेहतीस वर्षांनी, १९६७ मध्ये, एका पत्रात हे आपले अपराधीपण म्हणून कबूल केले.

कोणी म्हणेल, तेव्हा तेवढे बोलणेही जिवावरचे होते. मान्य आहे. पण इथे धैर्य कमी पडले असे मला वाटत नाही. हद्दच चुकीच्या जागी आखली गेली होती. सत्तेने आपल्या प्रार्थनागृहाचा उंबरा ओलांडला तर तो जुलूम, आणि दुसऱ्याचा ओलांडला तर ते राजकारण, अशी ती हद्द होती.

बोनहोफर यांची तीन कामे

एका तरुण पाद्र्याने ही हद्द फार लवकर तपासली होती. दीट्रिख बोनहोफर तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी चर्च आणि ज्यू प्रश्नावर एक लेख लिहिला. राज्य चुकत असेल तर चर्चपुढे तीन कामे असतात, असे त्यांनी मांडले. पहिले, राज्याला विचारणे की तुझे हे कृत्य तुझ्या कामाला शोभते का. दुसरे, राज्याच्या चाकाखाली सापडलेल्यांना मदत करणे, ते ख्रिस्ती नसले तरी. आणि तिसरे, जखमींना मलमपट्टी करून भागत नसेल तर ते चाकच अडवणे.

बोनहोफर यांनाही हे सगळे एका दिवसात जमले नाही. त्याच एप्रिलमध्ये त्यांच्या जुळ्या बहिणीचे सासरे वारले. ते ज्यू होते. अंत्यविधीला प्रवचन करायला त्यांना सांगितले गेले, पण चर्चमधल्या वरिष्ठाचा सल्ला घेऊन त्यांनी नकार दिला. काही महिन्यांनी त्यांनी बहिणीच्या नवऱ्याला पत्र लिहून क्षमा मागितली. ज्याने तीन कामांची यादी लिहिली त्याचेच पाऊल दुसऱ्या कामाच्या उंबऱ्यावर अडखळले. सत्य कळणे आणि ते करणे यांत किती अंतर असते, हे यातून दिसते.

इथे आपल्या मुलखाशी जोडलेला एक धागा आहे. बोनहोफर यांना शस्त्राशिवाय जुलमाचा सामना कसा करायचा ते शिकायचे होते आणि त्यासाठी त्यांना गांधीजींकडे यायचे होते. गांधीजींचा मुक्काम तेव्हा वर्ध्याला असे. नोव्हेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी त्यांना उत्तर पाठवून यायला सांगितले, खर्चाचा अंदाजही कळवला. पण मायदेशी चर्चने बोनहोफर यांच्यावर पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाची जबाबदारी टाकली आणि हा प्रवास कधी झालाच नाही. ते विद्यालय १९३७ मध्ये गेस्टापोने बंद केले. १९३९ मध्ये अमेरिकेत सुरक्षित राहण्याची संधी असताना ते काही आठवड्यांतच जर्मनीला परतले आणि नंतर हिटलरविरोधी कटात सामील झाले. एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपायला महिनाभर उरला असताना, त्यांना फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी देण्यात आले.

कटातल्या सहभागाबद्दल ख्रिस्ती पंडितांत आजही मतभेद आहेत. बोनहोफर यांनी मात्र आपल्या कृतीला पवित्र युद्धाचे नाव दिले नाही. अशा वेळी माणूस दोष अंगावर घेतो आणि देवाच्या दयेवर हवाला ठेवतो, अशी त्यांची भूमिका होती. हिंसेला धर्माचा शिक्का मारायला उतावीळ असणाऱ्या प्रत्येकाने, आपल्यातल्यांनीही, ही भूमिका समजून घेण्यासारखी आहे.

बोलल्याने काही होते का?

‘आपण बोलून काय होणार?’ हा प्रश्न जर्मनीतही विचारला जात होता. त्याचे उत्तर मिश्र आहे, म्हणून ते प्रामाणिकपणे द्यायला हवे.

म्युन्स्टरचे कॅथलिक बिशप फोन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ च्या प्रवचनात अपंग आणि मनोरुग्णांच्या सरकारी हत्यांचा भर चर्चमध्ये निषेध केला. तोवर सत्तर हजारांहून अधिक लोक विषारी वायूने मारले गेले होते. प्रवचनाच्या प्रती गुपचूप देशभर फिरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस हिटलरने ती मोहीम थांबवण्याचा हुकूम दिला. हत्या पुढे छुप्या रीतीने चालू राहिल्या, पण सरकारला लोकांची भीती वाटू शकते हे सिद्ध झाले. बिशपना हात लावण्याचे धाडस सरकारला झाले नाही. मात्र ज्यूंसाठी गालेन यांनी असे उघड प्रवचन केले नाही.

बर्लिनच्या कॅथेड्रलमध्ये बर्नहार्ड लिश्टेनबेर्ग हे धर्मगुरू ज्यूंसाठी रोज जाहीर प्रार्थना करत. त्यांना १९४१ मध्ये अटक झाली आणि १९४३ मध्ये डाखाउ छावणीकडे नेत असताना त्यांचा अंत झाला. नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर सिनेगॉग जाळले गेले. त्यानंतरच्या आठवड्यात युलियुस फोन यान या खेड्यातल्या पाद्र्याने प्रवचनात त्याचा धिक्कार केला. त्यांना जमावाने मारहाण केली आणि मग तुरुंगात टाकले. अशी नावे आहेत, पण ती एकेकटी आहेत. एकट्या माणसाला उचलून नेता येते. संपूर्ण चर्च उभे राहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न कायमचा उरला.

थोडीशी कल्पना नॉर्वेवरून येते. तिथे नाझींच्या हस्तक सरकारने शाळा आणि मुलांच्या संघटना ताब्यात घ्यायला सुरुवात केली तेव्हा १९४२ मध्ये सगळ्या बिशपांनी आणि मग ईस्टरला बहुसंख्य पाद्र्यांनी सरकारी पदांचे राजीनामे दिले. लोकांची सेवा मात्र सोडली नाही. त्यांचे पुढारी बिशप बेर्गग्राव्ह लूथरचाच आधार घेऊन सांगत की गाडीवानाचे डोके फिरले असेल तर त्याच्या हातून लगाम काढून घ्यावाच लागतो. ज्या लूथरच्या नावाने जर्मनीत मान तुकवली गेली त्याच लूथरच्या नावाने नॉर्वेत ती ताठ राहिली. ज्यूंच्या अटका सुरू झाल्या तेव्हा या चर्चने सरकारला निषेधाचे पत्रही लिहिले.

केपटाउनचे इमाम

दक्षिण आफ्रिकेत हा वाद पुन्हा उभा राहिला. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने वर्णभेदाला बायबलचा आधार पुरवला होता. १९८५ मध्ये तिथल्या धर्मपंडितांनी ‘कैरोस’ दस्तऐवज काढला. त्यात त्यांनी धर्मविचाराचे तीन प्रकार सांगितले. एक सरकारचा धर्मविचार, जो पौलाचे पत्र दाखवून गप्प बसायला सांगतो. दुसरा चर्चचा, जो न्यायाचा विषय टाळून नुसती समेटाची भाषा करतो. तिसरा पैगंबरी बाण्याचा, जो पीडिताच्या बाजूला उभा राहून बोलतो. आपल्या जुम्याच्या खुतब्यांना ही वर्गवारी लावून पाहा. दुसरा प्रकार आपल्याकडेही कमी नाही.

त्याच देशातले इमाम अब्दुल्लाह हारून आपल्या वाचकांना माहीत असायला हवेत. केपटाउनच्या क्लेअरमाँट भागातील मशिदीचे हे इमाम वर्णभेदाविरुद्ध बोलत आणि कैदेतल्या लोकांच्या कुटुंबांना मदत पोहोचवत. ते कैदी कोणत्या धर्माचे, हे त्यांनी पाहिले नाही. मे १९६९ मध्ये त्यांना अटक झाली आणि २७ सप्टेंबरला पोलीस कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. जिन्यावरून पडले, असे पोलिसांनी सांगितले. तो छळामुळे झालेला मृत्यू होता, हे न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केले. त्यांच्या स्मरणार्थ लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली. मात्र ते कोठडीत असताना स्थानिक मुस्लिम धर्मनेतृत्वापैकी अनेकांनी मौन पाळले, याची खंत तो समाज आजही बोलून दाखवतो.

मग आपण काय घ्यायचे?

एक सावधगिरी आधी. आपल्याला न आवडणारे प्रत्येक सरकार नाझी नसते. न्यायालये, निवडणुका, वर्तमानपत्रे चालू असताना बोनहोफर यांच्या तिसऱ्या कामाची भाषा करणे हा बेजबाबदारपणा आहे. पण पहिली दोन कामे, प्रश्न विचारणे आणि पीडिताला मदत करणे, ही कोणत्याही राज्यात, चांगल्या राज्यातसुद्धा, करायचीच असतात. आपल्या राज्यघटनेने त्यासाठी मार्ग दिले आहेत. ते वापरायचे सोडून हताश होणे किंवा भडकणे, दोन्ही वाया जाणारे आहे.

आता बार्मेनचा आरसा आपल्यासमोर धरू. आपल्या संघटना कधी रस्त्यावर येतात? मशीद, वक्फ, वैयक्तिक कायदा यांवर आले की. ते चूक नाही. आपले घर राखलेच पाहिजे. पण दलित वस्तीवर हल्ला झाला, आदिवासींची जमीन गेली, एखाद्या चर्चवर जमाव चालून गेला, तेव्हा आपल्या जुम्याच्या खुतब्यात त्याचा उल्लेख किती वेळा येतो? झारखंडच्या आदिवासींमध्ये काम करणारे जेसुइट धर्मगुरू स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगात कच्चे कैदी होते आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाची वाट पाहत, वयाच्या ८४ व्या वर्षी मुंबईच्या रुग्णालयात वारले. त्यांच्यावरचा खटला उभाही राहिला नव्हता. त्यांच्यासाठी आपल्या किती मशिदींत चार शब्द बोलले गेले?

हाच आरसा मुस्लिमबहुल देशांपुढेही धरला पाहिजे. तिथल्या ख्रिस्ती, हिंदू किंवा अहमदी माणसावर अन्याय होतो तेव्हा ‘तो त्यांचा अंतर्गत प्रश्न’ असे म्हणत आपण मान वळवत असू तर १९३३ च्या जर्मन पाद्र्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार उरत नाही. जिथे आपण थोडे आहोत तिथे न्याय मागायचा आणि जिथे आपण पुष्कळ आहोत तिथे तो विसरायचा, याला इस्लाम म्हणत नाहीत. कुरआनने साक्ष द्यायला सांगितले आहे ती न्यायाची, मग ती स्वतःच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना.

जुलमी सत्ताधीशापुढे सत्य बोलणे हा श्रेष्ठ जिहाद आहे, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. ते सत्य कोणाच्या बाजूचे असावे, अशी अट त्या हदीसमध्ये कुठेही नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन चर्चच्या नेत्यांनी स्टुटगार्टमध्ये अपराधाची कबुली दिली, त्यात नीम्योलरही होते. त्या कबुलीतही ज्यूंचे नाव नव्हते. ते यायला १९५० साल उजाडले. एवढे घडून गेल्यावरही दुसऱ्याचे नाव उच्चारायला त्या चर्चला आणखी पाच वर्षे लागली. आपल्याला आज तशी कोणतीही अडचण नाही. येत्या शुक्रवारी आपल्या मशिदीत जी दुआ होईल तिच्यात आपल्या पीडितांबरोबर शेजारच्या पीडिताचेही नाव घ्यावे, एवढी विनंती इमामांना करून पाहू या. सुरुवात तिथून होऊ शकते.